योर्गीसच्या पत्रावरचा शनिवार

अन्याय झाला तो योर्गीस नावाच्या एका दुभाष्यावर, आणि दोनदा झाला. पहिल्यांदा १७ जून १८७८ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये, त्याच्या इंग्रज मालकाकडून. दुसऱ्यांदा २००४ सालच्या दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, लेस्टरमध्ये. दुसऱ्यांदा तो मी केला.

अशी सुरुवात करायची मला सवय आहे. माझे बाबा नागपूरला शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं लिहायचे. सोळाव्या वर्षापासून मीही लिहायला लागले. बाबांचा नियम सरळ होता. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला ते सांगायचं, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं ते सांगायचं. मधे मी काही छान छान लिहिलं की ते लाल पेनाने काढून टाकायचे. म्हणायचे, "स्मिता, पत्रक उभ्या माणसाच्या हातात जातं. त्याला बस पकडायची असते."

पुढे माझं पोट ज्या कामावर चाललं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं. म्युझियममध्ये वस्तूंच्या शेजारी छोट्या पाट्या असतात ना, ज्या तुम्ही अर्ध्या वाचून पुढे जाता, त्या मी लिहिते. इकडे त्यांना लेबल म्हणतात. एका लेबलात साठ शब्द. वाचणारा उभा असतो, त्याचे पाय दुखत असतात आणि त्याचा निम्मा जीव कॅफेत अडकलेला असतो. बारा वर्षांच्या मुलाला कळेल अशी भाषा हवी. लेबल वाचून माणसाने पुन्हा वस्तूकडे पाहिलं तर लेबल जमलं, सरळ पुढच्या लेबलाकडे गेला तर फसलं. मी तासन् तास खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून लोकांच्या माना कुठे वळतात ते बघितलेलं आहे. एवढं करून लेबलावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, पत्रकावरही नसायचं.

लेस्टरला मी या कामाचा अभ्यासक्रम करायला आले, आणि तो संपल्यावर शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका जुन्या घरात मला कॉन्ट्रॅक्ट मिळालं. घर एका मुत्सद्द्याचं. एकोणिसाव्या शतकात तो युरोपातल्या निरनिराळ्या राजधान्यांत राहिला आणि निवृत्त झाल्यावर टेबलं, खलित्यांच्या पेट्या, नकाशे, कागद असं सगळं बरोबर घेऊन आला. आता तिथे म्युझियम आहे. मुत्सद्द्याचं नाव मी इथे देत नाही. ते त्या गावात पुष्कळ ठिकाणी कोरलेलं आहे, तेवढं पुरे.

म्युझियमची प्रमुख मार्गारेट. साठीला आलेली, सगळं आयुष्य त्याच घरात काम केलेली. गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल, कारण जुन्या कागदांच्या खोलीत शाईला बंदी. मी तिथे रुजू झाले तेव्हा ती एका मोठ्या प्रदर्शनाच्या तयारीत होती: युरोपातल्या महासत्ता एकमेकींशी बोलायच्या थांबल्या कशा.

ते मी थोडक्यात सांगते, लेबलासारखंच.

पहिल्या खोलीत हिरव्या बनातीने मढवलेलं एक लांबलचक टेबल. फ्रान्सच्या बादशहाला हरवल्यावर, १८१५च्या सुमारास, इंग्लंड, ऑस्ट्रिया, प्रशिया, रशिया आणि थोड्याच काळात खुद्द हरलेला फ्रान्स, अशा पाच जणांत एक रीत पडली. कोणाला नकाशा बदलायचा असेल तर आधी सगळ्यांनी टेबलाशी बसायचं. कायदा वगैरे नाही, रीत. जवळजवळ चाळीस वर्षं हे पाच जण आपसात लढले नाहीत. दुसऱ्या खोलीत क्रिमियाचं युद्ध. बेथलेहेमच्या चर्चच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात इथून तक्रार सुरू झाली आणि शेवटी तोफा निघाल्या. त्यानंतर टेबलाची भीड मोडली. इटली झाला, जर्मनी झाला, नकाशा आधी रणांगणावर बदलायचा आणि बसायचं झालंच तर मागाहून. त्यात तारायंत्र आलं. पूर्वी परदेशातल्या वकिलाला, म्हणजे राजदूताला, मायदेशाचं उत्तर यायला आठवडे लागत, तोवर तो स्वतःच्या डोक्याने वागे. आता सकाळी विचारलं की संध्याकाळी हुकूम. वकिलाचा पोस्टमन झाला.

तिसऱ्या खोलीत १८७८ सालची बर्लिनची परिषद. टेबल पुन्हा मांडलं, सगळे आले, पण प्रत्येकाच्या खिशात आधीच केलेला एखादा गुप्त कागद. पंगत मांडायची आणि पदार्थ घरूनच आपापल्या ताटात वाढून आणायचे, असला प्रकार. इंग्लंडच्या खिशात जो कागद होता तो ४ जूनचा. रशियापासून तुर्कस्तानचं आशियातलं राज्य सांभाळण्याच्या बदल्यात सुलतानाने सायप्रस बेट इंग्रजांच्या ताब्यात द्यायचं. परिषद बसली १३ जूनला. कागद जाहीर झाला जुलैत, परिषद संपत आल्यावर. बेटावरच्या लोकांना कोणी विचारलं? कोणीच नाही.

मार्गारेटला त्या जुन्या टेबलाबद्दल हळहळ होती. मला नव्हती.

"चाळीस वर्षं शांतता, स्मिता," ती म्हणायची. "तेवढी आपल्याला जमलेली नाही."

"कोणाची शांतता? पोलंडला विचारलं होतं? आणि त्याच चाळीस वर्षांत आमच्याकडे हेच लोक काय करत होते?"

"तो वेगळा विभाग आहे," मार्गारेट शांतपणे म्हणाली. "दुसरा मजला, उजवीकडे."

मी चिडले आणि मग हसले. त्याच्या आदल्या वर्षी इराकच्या युद्धाविरुद्ध लंडनच्या मोर्चात मी दिवसभर चालले होते. टेबलाशी बोलणी चालू आहेत असं दाखवायचं आणि फौजा आधीच पाठवून ठेवायच्या, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मार्गारेटही त्या मोर्चात होती, हे मला फार उशिरा कळलं. ती सांगत नसे.

प्रदर्शनाला तऱ्हेतऱ्हेचे लोक यायचे. एक निवृत्त कर्नल दर चित्रातली पदकं मोजायचे आणि चित्रकाराने कुठे एखादं जास्त लावलंय ते आम्हाला कळवायचे. लीड्सचं एक जोडपं लग्नाचा हॉल समजून आत आलं आणि तीन तास राहिलं, जाताना मुलगी मला म्हणाली, "कोणाला कोणाशेजारी बसवायचं हा प्रॉब्लेम यांनाही होता तर!" लेस्टरच्या आपल्या मंडळातले वाघमारे काकाही आले. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता लेस्टरला मुलीकडे असतात. टेबलाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "अगं, एवढा जीव लावून हे काय लिहितेस? हे गोरे गोऱ्यांशी कसे भांडले, याच्याशी आपल्याला काय घेणं?"

आणि मिस्टर अँड्रेऊ. हे मूळचे सायप्रसच्या लार्नाका गावचे. बर्मिंगहॅमला पस्तीस वर्षं फिश अँड चिप्सचं दुकान चालवलं, आता जावयाला दिलं. ज्येष्ठांच्या पासवर ट्रेन आणि बस बदलत ते एका मंगळवारी आले, तिन्ही खोल्या बघितल्या आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"या पाट्या कोण लिहितं?"

"मी."

"मग माझं बेट कुठे आहे?"

मी नकाशाकडे बोट दाखवलं. त्यावर सायप्रस अंगठ्याएवढं होतं.

"नकाशावर आहे, ते मलाही दिसतं. पाटीवर कुठे आहे? बर्लिन परिषदेच्या खोलीत तू चौदा पाट्या लावल्यास, कोरी." त्यांच्याकडे पोरीला कोरी म्हणतात. "चौदांत चार जून नाही."

खरं होतं. मार्गारेटने यादी केली होती आणि मी त्या यादीप्रमाणे लिहिलं होतं. मी, जिला कोणाला विचारलं नाही हे आधी दिसतं, तिला ते दिसलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटते तेव्हा मी घाईत काम करते. हा माझा दोष आहे, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

सायप्रससाठी शोकेसमध्ये ठेवायला एखादी वस्तू हवी होती. मी कार्डांचे खण उपसले. म्युझियममध्ये प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं, जुनी कार्डं टाइप केलेली. दुसऱ्याच दिवशी एक सापडलं: "दुभाषा योर्गीस याचे लार्नाका येथील भावास पत्र. ग्रीक. ३ जून १८७८. सायप्रस इंग्रजांना दिल्याचे काल कळले असे लिहितो. या घरचे अन्न खातो म्हणून गप्प राहण्याचा निश्चय. मागील बाजूस मालकाच्या हस्ताक्षरात: रोखले, १७ जून. दुभाष्यास काढले."

मालक म्हणजे या घराचाच मुत्सद्दी, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलला नेमलेला. मी ते कार्ड उभ्याउभ्याच तीनदा वाचलं. करार ४ जूनचा. पत्र ३ जूनचं. 'काल कळले' म्हणजे २ जून. म्हणजे सह्या होण्याच्या दोन दिवस आधी या माणसाला ठाऊक होतं! त्या बेटाचाच माणूस, भाऊ तिथे राहतोय, आणि हा मालकाच्या अन्नाला जागून गप्प बसला. मग पत्र दोन आठवड्यांनी का रोखलं? कशावरून तरी बिनसलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ग्रीक मला येत नाही. पत्र कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्यावं असं मनात आलं आणि गेलं. कार्ड होतं ना.

लेबल लिहून मार्गारेटला दाखवलं. तिने पेन्सिलने 'ठाऊक होते'चं 'ठाऊक असावे' केलं. ब्रिटिश माणूस 'असावे'वर अख्खं राज्य चालवतो, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

पत्रकात असावे-बिसावे नसतं. आणि पत्रक मी लिहिलंच, कारण मला ते लिहिल्याशिवाय राहवेना. स्वतःच्या घरी, स्वतःच्या प्रिंटरवर, मराठीत एक आणि इंग्रजीत एक. मजकूर तुमच्यापैकी काहींना आठवत असेल: "४ जून १८७८ रोजी सायप्रसच्या लोकांना न विचारता त्यांचं बेट देऊन टाकलं गेलं. हे दोन दिवस आधी एकाला ठाऊक होतं, आणि तो त्यांच्यातलाच होता. त्याचं नाव योर्गीस, मोठ्यांच्या खोलीतला दुभाषा. त्याने तोंड उघडलं नाही." आणि शेवटी: "तुमच्या वतीने जो आज खोलीत जाऊन बसला आहे, त्याला आजच जाब विचारा."

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी लेस्टरच्या हॉलमध्ये आपला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. दाराशी उभी राहून मी ते वाटलं. पत्रक इतकं लागू पडलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लोकांनी ते वाचलं आणि प्रत्येकाला कोणीतरी आठवलं. कोणाला गावाकडचा आमदार, कोणाला कौन्सिलवर निवडून आलेला आपला माणूस. सायप्रसशी काय घेणं म्हणणारे वाघमारे काका स्टेजवरून म्हणाले, "आपल्यात असे योर्गीस किती आहेत, मोजा!" टाळ्या. पुढच्या महिनाभरात ते नाव मी कुठे कुठे ऐकलं. मीटिंगमध्ये गप्प बसलेल्या सेक्रेटरीला कोणी म्हणालं, "काय योर्गीस, आज मौन का?" एका बाईंनी तर सासूसमोर तोंड न उघडणाऱ्या नवऱ्याला म्हटलं. मला मजा वाटत होती. खोटं कशाला बोलू.

इंग्रजी प्रतींचा गठ्ठा मिस्टर अँड्रेऊ बर्मिंगहॅमला घेऊन गेले. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेनंतर एकाने ते पत्रक मोठ्याने वाचलं. एक म्हातारा बाहेर जाऊन थुंकून आला म्हणे.

नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा आले. एरवी ते मंगळवारीच यायचे, त्या दिवशी मंगळवार नव्हता, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं. शोकेसवर वाकून ते पत्राचं पहिलं पान वाचत बसले. जुनं, सजवलेलं ग्रीक, त्यांनाही ते अडखळत वाचावं लागत होतं.

"पत्र किती पानांचं आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन. दुसरं खाली आहे."

"इथे वाक्य असं संपत नाही. माणूस असं लिहून थांबत नाही. मला खालचं पान दाखव."

शोकेस उघडायला दोन किल्ल्या लागतात आणि दोन माणसं. एक किल्ली माझी, दुसरी मार्गारेटची. आम्ही पत्र कागदांच्या खोलीत नेलं. मार्गारेटने पान उलटलं. मिस्टर अँड्रेऊंनी हात पाठीमागे बांधले आणि वाचता वाचता आम्हाला इंग्रजीत सांगत गेले. सुरुवातीपासून.

"शनिवार, तीन जून."

"काय वार?" मार्गारेट म्हणाली.

"शनिवार. वर लिहिलंय."

कार्डावर वार नव्हता. मार्गारेटच्या टेबलामागे भिंतीवर कुठल्याही सालाची तारीख काढून वार सांगणारा एक तक्ता आहे. या धंद्यातला पहिला धडा तो: तारीख दिसली की वार पडताळा. तिने बोट फिरवलं. "तीन जून १८७८ला सोमवार येतो."

"त्याला वार कळत नव्हता की काय?" मी म्हटलं.

"थांब," मिस्टर अँड्रेऊ म्हणाले. ते दुसऱ्या पानावर होते. "लिहितोय, परवा सोमवारी तुमच्याकडे पाण्याचा सण." मग आमच्याकडे बघून, "ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी लार्नाकाला सगळे समुद्रावर जमतात, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात. माझी आजी तारखा जुन्या पंचांगाच्याच सांगायची. आमची सगळी माणसं तेव्हा जुन्या पंचांगानेच लिहायची. तुमच्या तारखेच्या बारा दिवस मागे!"

मार्गारेटने डोळे मिटून घेतले. मी बोटांवर मोजलं. तीन अधिक बारा. १५ जून. तक्त्यावर पाहिलं: शनिवार.

आणि ही चूक मी करावी! नागपूरला आमच्या शेजारी हिंदी भाषक कुटुंब होतं. त्यांचा श्रावण आमच्याआधी पंधरा दिवस सुरू व्हायचा. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन महिने चालायचे, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. एकाच दिवसाला दोन नावं असू शकतात हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पण माझ्यासमोर ३ आणि ४ असे दोन आकडे शेजारीशेजारी आले आणि मला हवी ती गोष्ट तयार मिळाली.

योर्गीसला कळलं ते १४ जूनला. करारावर सह्या होऊन दहा दिवस झाले होते. पहिल्या पानाच्या शेवटी तो म्हणतो, या घरचं अन्न खातो म्हणून गप्प राहायचं मी ठरवलं. दुसरं पान असं सुरू होतं:

"तो निश्चय आज सकाळपर्यंत टिकला. तुम्हाला कोणी विचारलं नाही. मलाही नाही. मी शब्द इकडून तिकडे नेणारा माणूस, पण हा शब्द त्यांनी माझ्यापासूनही लपवला. परवा सोमवारी तुम्ही सगळे पाण्याच्या सणाला किनाऱ्यावर असाल. हे पोचेपर्यंत सण होऊन जाईल. तरी लोकांना पुन्हा जमव आणि हे मोठ्याने वाच. माझं नाव सांगितलंस तरी चालेल."

त्याने ते घरच्या टपालाच्या थैलीत टाकलं. मालकाने थैली तपासली. रोखलं, १७ जून. ती तारीख इंग्रजी पंचांगाची. म्हणजे दोनच दिवसांनी, सोमवारी. लार्नाकाला लोक पाणी उडवत होते त्याच दिवशी. मग त्याला काढून टाकलं. पुढे त्याचं काय झालं ते कुठल्याही कार्डावर नाही.

त्या मोठ्यांच्या खोलीत बसणाऱ्या सगळ्या सत्तांनी मिळून जे केलं नाही ते या एका माणसाने करायला घेतलं होतं. ज्यांचं बेट, त्यांना सांगायचं. आणि मी त्याचं नाव लेस्टरमध्ये शिवी म्हणून चालू करून ठेवलं होतं.

मिस्टर अँड्रेऊंनी टोपी काढली. "मी हे चर्चमध्ये वाचायला दिलं, कोरी."

"लिहिलं मी."

"कार्डाच्या खाली आद्याक्षरं आहेत," मार्गारेट म्हणाली. "एम. एच. ती मी. नुकतीच कामाला लागले होते. ग्रीक येणारा एक विद्यार्थी सापडला होता, त्याची दुपारची ट्रेन होती. एक पान झालं आणि तो गेला. दुसरं पान मी नंतर करून घेणार होते."

मग ती जे म्हणाली ते तिच्या आवडत्या मुत्सद्द्यांपैकी कोणीही म्हटलं असतं. लेबल गुपचूप बदलू. प्रदर्शन जानेवारीत संपतंय. कोणाच्या लक्षात येणार नाही.

"असंच व्हायचं ना तुमच्या टेबलाशी?" मी म्हटलं. "खोलीतल्या खोलीत मिटवायचं. ज्याच्यावर केलं त्याला सोडून सगळ्यांच्या सोयीचं."

दोन दिवसांनी सकाळी मी आले तर शोकेसशेजारी तिने स्वतः टाइप केलेली नवीन पाटी होती. मोजून साठ शब्द. "इथले आधीचे लेबल चुकीचे होते," अशी सुरुवात, तारखेचा खुलासा, आणि खाली, त्या घराच्या इतिहासात पहिल्यांदा, लिहिणाऱ्यांची नावं: तिचं आणि माझं. लोक ती पाटी वाचत आणि पुन्हा पत्राकडे बघत. माझ्या सगळ्या कामात एवढं जमलेलं लेबल दुसरं नाही, आणि ते मी लिहिलेलं नाही.

लेबल एका जागी असतं, ते बदलता येतं. पत्रक हातातून गेलं की गेलं.

बर्मिंगहॅमच्या लोकांचं मी या वर्षी जूनमध्ये फेडलं, जेवढं फेडता येतं तेवढं. पाण्याच्या सणाला ते लोक कालव्याच्या काठी जमतात, समुद्र कुठून आणणार. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की पत्रक माझं, चूक माझी. काळ्या कपड्यांतल्या एका आजीबाईंनी ग्रीकमध्ये काहीतरी विचारलं.

"भावाला पत्र कधी मिळालंच नाही का, असं विचारतेय," मिस्टर अँड्रेऊ म्हणाले.

"नाही मिळालं."

आजीबाई पुन्हा काही बोलल्या, चढ्या आवाजात.

"म्हणतेय, मग इथे नुसते उभे काय राहिलात, वाचा की!"

मिस्टर अँड्रेऊंनी नकलून आणलेलं पत्र वाचलं. पाण्याच्या सणाला, जमलेल्या लोकांत, मोठ्याने, नाव सांगून. योर्गीसने लिहिलं होतं तसं. एकशे सत्तावीस वर्षं उशीर झाला होता, पण झालं. वाचून झाल्यावर आजीबाईंनी प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर फेकलं. मी दचकले. सगळे हसायला लागले. सणाला असंच करतात, मिस्टर अँड्रेऊ म्हणाले. मला खात्री नाही.

तिथल्या गठ्ठ्यातल्या बहुतेक प्रती त्यांनी शोधून, पेनाने दुरुस्त करून ठेवल्यात. राहिलं लेस्टर. प्रदर्शन संपलं, कॉन्ट्रॅक्टही संपलं. मी आता लीड्सला एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी लावते, आणि प्रत्येक तारखेचा वार पडताळते, हसू नका. तिथून मी वाघमारे काकांना फोन केला.

"काका, ते योर्गीसचं पत्रक आहे का तुमच्याकडे?"

"आहे म्हणजे! फ्रिजवर लावलंय. काय लिहिलंस गं स्मिता, वा!"

"ते खोटं आहे."

मी सगळं सांगितलं. पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"हे बघ," काका म्हणाले, "मुद्दा तर खरा होता ना? आपले लोक खोलीत जाऊन गप्प बसतात, हे तर खरंय?"

"मुद्दा खरा होता. त्यासाठी माणूस चुकीचा धरला."

"मेला तो कधीच. त्याला काय फरक पडतो? आणि आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय ते नाव. सेक्रेटरीला तर योर्गीस म्हटल्याशिवाय चालत नाही."

"काका, आपल्या एखाद्या माणसाबद्दल कोणी असं अर्धं पत्र वाचून छापलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"



"मोर्चा काढला असता," ते म्हणाले. मग म्हणाले, "थांब. पेन आणतो."

त्या शनिवारी हॉलच्या दाराशी मी दोनशे प्रती वाटल्या. त्यांतली एक आता फ्रिजवर दुरुस्त होऊन लागली आहे. उरलेल्या तुमच्याकडे आहेत. पुस्तकात खूण म्हणून, ड्रॉवरमध्ये, कोटाच्या खिशात. म्हणून आपल्या मंडळाचा हा अंक थोडा वेळ खाली ठेवा आणि शोधा. सापडलं की फाडू नका. दुसऱ्या वाक्यात "दोन दिवस आधी एकाला ठाऊक होतं" असं आहे, ते खोडा आणि "दहा दिवसांनी एकाला कळलं" असं लिहा. "त्याने तोंड उघडलं नाही" हे पूर्ण खोडा आणि लिहा, "त्याने दुसऱ्याच दिवशी लिहिलं." मग तेव्हा ज्यांना ते वाचून दाखवलं होतं, त्यांना पुन्हा वाचून दाखवा. आणि यापुढे गप्प बसणाऱ्या कोणाला तुमच्यासमोर कोणी योर्गीस म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा.